घोड्याच्या रक्ताची साक्ष

कुंभकोणमहून सुमारे चाळीस किलोमीटरांवर तंजावर आहे. तेथील भोसले राजांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वविद्येवरील जुन्या पोथ्या जतन केलेल्या आहेत. नकुलाच्या नावावर असलेले 'अश्वशास्त्र' १९५२ साली छापूनही प्रसिद्ध झाले. घोड्याचा वर्ण, चाल आणि श्वास पाहून त्याची प्रकृती ओळखावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत. ती चुकीची नव्हे; परंतु काही रोग असे असतात की, त्यांच्यापुढे अनुभवी डोळाही फसतो. ग्लँडर्स हा त्यांपैकी एक होय.

या रोगाचा जंतू १८८२ साली लोफलर व शुट्झ या जर्मन संशोधकांनी शोधून काढला. रोग बळावला म्हणजे नाकातून चिकट स्राव वाहतो, नाकाच्या आतील त्वचेवर व्रण पडतात, अंगावर गाठी येऊन फुटतात. पण कित्येक घोडे महिनोन्‌महिने रोग अंगी बाळगूनही टांग्याला जुंपले जातात, दाणावैरण खातात आणि एकाच हौदावर इतरांबरोबर पाणी पितात. धोका आहे तो येथेच. शिवाय हा रोग माणसालाही होतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो.

मग दडलेला रोग ओळखावयाचा कसा? शरीरात जंतू शिरला की, त्याच्याशी झुंजण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. शोध घ्यावयाचा तो यांचा. घोड्याच्या मानेतील शिरेतून थोडे रक्त घेऊन ते गोठू देतात व वर येणारी पिवळसर रक्तलस वेगळी काढतात. तीत जंतूचा निर्जीव अंश आणि 'पूरक' नावाचे, रक्तातच आढळणारे द्रव्य मिसळतात. प्रतिपिंडे असतील, तर ती जंतूच्या अंशाला चिकटतात आणि त्या भरात पूरक द्रव्य खर्ची पडते. मग मेंढीच्या विशेष रीतीने तयार केलेल्या तांबड्या पेशी घालतात. पूरक शिल्लक असेल, तर पेशी फुटून द्रव स्वच्छ तांबडा होतो. म्हणजे घोडा निर्दोष. पूरक संपले असेल, तर पेशी अखंड राहून तळाशी बसतात. म्हणजे घोडा संशयित. अलीकडे प्रथम एलायझा चाचणीने चाळणी लावतात आणि नंतर या जुन्या परीक्षेने खातरजमा करतात.

२००६ साली महाराष्ट्रात पुणे व पाचगणी येथील घोड्यांत हा रोग पुन्हा प्रकट झाला. पुढील वर्षांत तो उत्तरेकडील अनेक राज्यांतही आढळला. निदानाचा भार मुख्यतः हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने उचलला. केवळ एक घोडा सापडून काम संपत नाही. तो कोठून विकत घेतला, कोणत्या तबेल्यात राहिला, कोणाबरोबर जत्रेला गेला, हे सारे विचारावे लागते. सभोवतालच्या घोडे, गाढवे व खेचरे यांचे रक्त घ्यावे लागते, आणि काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावे लागते. कारण नुकत्याच लागण झालेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे अद्याप उमटलेली नसतात.

या रोगावर लस नाही. औषधाने बरा झालासा वाटणारा घोडाही जंतू बाळगून राहू शकतो. म्हणून बाधित जनावरास वेदनारहित मरण द्यावे, असा नियम आहे. १८९९ च्या कायद्याने ही तरतूद केली होती. २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याने तिची जागा घेतली.

प्रशासनातील माणसाची खरी कसोटी येथे लागते. डोळ्यांना धडधाकट दिसणारा घोडा, ज्याच्या चालण्यावर एका कुटुंबाची चूल पेटते, तो नळीतील थेंबाच्या साक्षीवरून मारावयाचा! मालकाचा विश्वास बसला नाही, तर तो रातोरात जनावर दूरच्या बाजारात विकील, आणि रोग आपल्या यादीतून निसटून नव्या गावी जाईल. यास्तव चाचणी बिनचूक हवी, तिचा अर्थ मालकास त्याच्या भाषेत समजावून सांगावयास हवा, आणि नुकसानभरपाई त्याच्या हाती विनाविलंब पडावयास हवी. रक्त खरे बोलते. पण मालकाचा आपल्यावर विश्वास असेल, तरच ते आपल्यापर्यंत येते.