उत्तरेचा उजेड

2001 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ‘सेंच्युरी सिटी’ हे मोठं प्रदर्शन भरलं. जगातल्या नऊ शहरांची कला त्यात मांडली होती. मुंबईचा विभाग गीता कपूर आणि आशीष राजाध्यक्ष यांनी रचला होता, आणि त्यात घाटकोपरच्या अतुल दोडिया यांची शटरवर रंगवलेली चित्रं होती. शटर म्हणजे आपल्या वाण्याच्या, शिंप्याच्या दुकानाला असतं तेच लोखंडी शटर. खाली ओढलं की पत्र्यावरचं चित्र दिसतं, वर सरकवलं की आतलं दुसरं.

ही शटरं ज्या वास्तूत लागली ते मुळात बँकसाइडचं वीजघर. 1981 साली ते बंद पडलं आणि पुढची कित्येक वर्षं थेम्सकाठी तसंच उभं राहिलं. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी त्याचं संग्रहालय केलं आणि मे 2000 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. टर्बाइनं होती तो सुमारे 35 मीटर उंचीचा हॉल त्यांनी मजले घालून भरून टाकला नाही, मोकळा ठेवला. आज लोक चित्रांइतकाच तो हॉल बघायला जातात.

घाटकोपरचा चित्रकार परदेशातल्या जुन्या वीजघरात पोचला. इथल्या उपनगरांतल्या बंद कारखान्यांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनायची. गोरेगावला निरलॉनचं सूत निघायचं, तिथे आता आयटी पार्क आहे. बोरिवलीची टाटा स्टीलची जमीन 2014 साली विकली गेली आणि तिथे मनोरे आले. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा लालबहादूर शास्त्री मार्ग एके काळी पाळी सुटली की सायकलींनी भरून जायचा. आता त्यावर मॉलच्या पार्किंगची रांग असते. जमिनीचा भाव मालापेक्षा जास्त झाला की कारखाना चालवणं परवडत नाही, हे उघड आहे. पण शेड पाडणं हा एकच मार्ग उरतो, असं मला अजिबात वाटत नाही.

विक्रोळीचं उदाहरण बघा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी 12 लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या गोदरेजच्या तिथल्या आवारात तयार झाल्या. तिथेच 2011 साली परमेश शहानी यांनी गोदरेज इंडिया कल्चर लॅब सुरू केली. वापरात नसलेल्या ‘प्लांट 13’मध्ये लॅबने ‘विक्रोळी स्किन’ नावाचा कलामहोत्सव भरवला. यंत्रं गेलेल्या जागेत चित्रं, मांडणशिल्पं, संगीत आणि माणसांची गर्दी. तो एका दिवसाचा प्रयोग होता, पण कारखान्याची जागा कलेला किती सहज सामावून घेते हे त्याने दाखवलं.

ती सामावून घेते याचं कारण बांधकामातच आहे. जुन्या गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या अनेक शेडना करवती छप्पर असतं. प्रत्येक दात्याच्या उतरत्या बाजूला पत्रा किंवा कौलं, आणि उभ्या बाजूला काच. ही काच उत्तरेकडे तोंड करून बसवायची. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे थेट ऊन आत येत नाही. येतो तो सारखा, शांत उजेड. मागावरचा तुटलेला धागा दिसावा, लेथवरच्या कामावर सावली पडू नये, म्हणून केलेली ही सोय. चित्रकाराला हवा असतो तो नेमका हाच उजेड. शिवाय खांबांमधली ऐसपैस जागा, ट्रक थेट आत येईल एवढा दरवाजा, आणि वर रुळांवर सरकणारी क्रेन. दोन टनांचं शिल्प उचलायला दुसरं काय लागतं?

अडचणीही खऱ्या आहेत. दोन दात्यांमधली पन्हळ पावसाळ्यात तुंबते आणि पाणी आत येतं. जुलैच्या दमट हवेत कागदावर आठवडाभरात बुरशी धरते. छपराला जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते जाणत्या माणसांकडूनच उतरवावे लागतात. जमिनीत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. आग विझवण्याची व्यवस्था, जास्तीचे दरवाजे, वीजभार, सगळं नव्याने करावं लागतं. पैसा लागतोच, पण त्यासाठी छप्पर उतरवून मनोरा चढवण्याची गरज नाही.

दक्षिण मुंबईत लहान प्रमाणावर हे झालेलं आहे. कुलाब्याची ‘प्रोजेक्ट 88’ ही गॅलरी जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. महालक्ष्मीला लक्ष्मी मिल्सच्या आवारातल्या गोदामात ‘जी5ए’ हे कलाकेंद्र उभं राहिलं. 2017 साली ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प झाला तेव्हा तान झी शी या सिंगापूरच्या कलावतीने प्लास्टिकचा कचरा छताला टांगून समुद्र केला होता. त्याखालून चालताना पाण्यात बुडाल्यासारखं वाटे, आणि बाहेर पाऊल टाकलं की खरा मासळीचा व्यवहार चालू असे. एरवी गॅलरीची पायरी न चढणारी माणसं तिथे आली होती.

उपनगरात मात्र असं कायमचं ठिकाण झालं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात 2023 साली मोठं सांस्कृतिक केंद्र सुरू झालं, पण ते नव्या इमारतीत. नाटकाच्या बाबतीत आपण असे गप्प बसलो नाही. मुलुंडला कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याला दीनानाथ, ही महापालिकेची नाट्यगृहं आहेत म्हणून प्रयोग बघायला दादर गाठावं लागत नाही. चित्रं बघायला मात्र अजून जहांगीरला किंवा काळा घोड्याच्या इतर गॅलऱ्यांत जावं लागतं. तिथल्या कित्येक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात आणि इतर दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास शटर ओढतात. मुलुंडहून नोकरीला जाणाऱ्या बाईने त्या बघायच्या केव्हा? बोरिवलीत श्रेयस कर्ले आणि हेमाली भुता या कलावंतांनी ‘कोना’ हे कलेचं ठिकाण उभं केलं, तेही स्वतःच्या बळावर. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत शिल्पं ओतली जातात, सेट बांधले जातात, फ्रेमा होतात. काम इथे होतं, प्रदर्शन तिकडे भरतं.

जुन्या शेडमध्ये कलाकेंद्र झालं, तर त्यावर पहिला हक्क कुणाचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बंद कारखान्याच्या कामगारांची देणी आधी चुकती झाली पाहिजेत. थकलेल्या पगारावर रंगवलेली भिंत मला बघायची नाही. त्यानंतर त्याच कामगारांना आत बोलवावं. प्रेस कुठे उभा होता, कुठल्या खांबाशी मस्टर मांडलेलं असे, अपघात कुठे झाला होता, हे तेच सांगू शकतात. पहिलं प्रदर्शन त्यांच्या हत्यारांचं, ओळखपत्रांचं आणि युनियनच्या पत्रकांचं असावं.

वाट नियमांतूनच निघते. औद्योगिक जमिनीवर घरं बांधायची तर कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला लागतो, आणि मोठ्या भूखंडाचा काही भाग सार्वजनिक सुविधेसाठी सोडावा लागतो. तो भाग सहसा मोकळा करून दिला जातो. त्यावरची एक शेड छपरासकट ताब्यात घ्यावी, नाट्यगृहासारखीच महापालिकेने ती चालवावी, रात्री नऊपर्यंत आणि रविवारी उघडी ठेवावी, ही मागणी विभाग कार्यालयात करता येते. ती आराखडा मंजूर होण्याआधी करायला हवी, कारण पाडकामाचं कंत्राट एकदा निघालं की लोखंड आणि पत्रा आठ-पंधरा दिवसांत भंगारात जातो.