सायकल काढा, वीरच्या पाण्याकाठी चला!

खंडाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बोरघाट, धुकं आणि चिक्कीची दुकानं उभी राहिली असतील. पण मैत्रिणींनो, आज तुम्हाला न्यायचं आहे ते दुसऱ्या खंडाळ्याला. सातारा जिल्ह्याच्या अगदी उत्तरेचा हा तालुका. पुण्याहून साताऱ्याला निघालं, नीरा नदी ओलांडली, की शिरवळ लागतं; मग खंडाळा आणि त्यापुढे खंबाटकीचा घाट. एसटीच्या खिडकीतून आपण हा भाग कितीदा पाहिलेला असतो! कारखाने, ढाबे आणि उघडे माळ. बघण्यासारखं काही नाही म्हणून आपण डुलकी काढतो, ती थेट घाटाच्या वळणावर जाग येईपर्यंत.

पण शिरवळला हमरस्ता सोडून पूर्वेला लोणंदच्या दिशेने वळा. थोड्याच वेळात ऊस आणि ज्वारीच्या शेतांपलीकडे पाणी चमकायला लागतं. हा वीर धरणाचा जलाशय. मोटारीतून गेलात तर तो पाच मिनिटांत मागे पडेल. पायी चालायला मात्र अंतर फार. इथे खरी मजा आहे ती सायकलची.

‘सायकल? आता या वयात?’ असं म्हणून पान उलटू नका हं! आपल्यातल्या कितीतरी जणी शाळा-कॉलेजला सायकलवरून जात होत्या. लग्न झालं, बाकी रुखवत सासरी आलं आणि सायकल तेवढी माहेरी राहिली. आज घराघरात मुलाची सायकल असते, कुठे यजमानांची गिअरची सायकलही असते. आठवड्याचे सहा दिवस ती जिन्याखाली उभी असते आणि तिच्यावरची धूळ पुसायचं काम मात्र आपलं!

पाणी आणि पाहुणे

नीरा नदी भोरच्या डोंगरात उगम पावते, पुणे आणि सातारा जिल्ह्यांची हद्द आखत पूर्वेला जाते आणि नरसिंगपूरला भीमेला मिळते. वरच्या अंगाला भाटघर आणि नीरा-देवघर ही धरणं. त्यांचं पाणी वीरला येतं. तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसपर्यंतची शेतं भिजतात. आपल्या चहातली साखर कुणी सांगावं, याच पाण्यावरच्या उसाची असेल!

पावसाळ्यात धरण भरतं. हिवाळा सरत जातो तसं कालव्यांना पाणी सुटून काठ उघडे पडू लागतात. या ओल्या गाळात किडे, शिंपले, गवताचे कोंब असं खाणं पक्ष्यांना मिळतं. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने इथे यायला उत्तम. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली राखी बदकं थव्याने बसलेली दिसली, तर ते पट्टकादंब समजा. मध्य आशियातून, हिमालय ओलांडून येणारे हे पाहुणे! विटकरी रंगाची जोडी दिसली तर तो चक्रवाक. जुन्या काव्यांत रात्रीच्या विरहासाठी प्रसिद्ध असलेला पक्षी तो हाच. शिवाय लांब लाल पायांचे शेकाटे, पाण्यावर सूर मारणारे नदी सुरय, तारेवर बसलेला खंड्या आणि ओरडून सगळ्यांना सावध करणारी टिटवी. नावं पाठ नसली तरी बिघडत नाही. मुलांना बरोबर नेलंत तर चार नावं तीच तुम्हाला शिकवतील.

धरण माणसाने बांधलेलं, मग त्याचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. पण भिगवणला रोहित पक्षी येतात ते उजनी धरणाच्या पाण्यावर, आणि रामसरच्या जागतिक यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा, नांदूर-मध्यमेश्वर, तीही बंधाऱ्यामुळेच तयार झालेली. पाखरं पाण्याची जातकुळी विचारत नाहीत.

सावित्रीबाईंच्या गावाला

याच भागात नायगाव आहे. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म इथे झाला. त्यांचं जन्मघर आणि स्मारक पाहायला मिळतं. शिरवळहून सकाळी साडेसहाला निघालात, वाटेत पाण्याकाठी अर्धा तास थांबलात, नायगावला जाऊन परत फिरलात, तरी दुपारच्या जेवणाला तुम्ही शिरवळात असाल. पहिल्या फेरीला एवढं पुष्कळ झालं.

मुलींना शिकवायला पुण्याच्या रस्त्यावरून निघालं की सावित्रीबाईंवर शेण-दगड पडत. शाळेत बदलायला म्हणून त्या जादा लुगडं बरोबर नेत. आपल्याला तसलं काही सोसायचं नाही. कुणी वळून बघेल, फार तर ‘काकू, कुठं निघालात?’ म्हणून विचारील. एवढ्यासाठी घरी बसायचं का?

सराव झाला की पुढचा पल्ला लोणंदचा. कांद्याच्या बाजाराचं हे गाव. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नानानंतर इथेच मुक्कामाला येते. एका बाजूने सायकल आणि परत येताना टेंपो, असं ठरवायलाही हरकत नाही. घाट चढायच्या भानगडीत मात्र पडू नका. पलीकडच्या वाई भागात फिरायचं असेल तर सायकली टेंपोत घालून वाईला न्या. तिथून मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, पुढे धोम, अशी सोपी फेरी होते.

निघण्यापूर्वी

सीटची उंची आधी बघा. पॅडल अगदी खाली असताना टाच टेकवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट फार खाली ठेवली की गुडघे दुखतात, आणि आपण वयाला दोष देतो! ब्रेक, हवा, चेनचं तेल आदल्या दिवशी पाहून घ्या. साडीपेक्षा सलवार-कमीज किंवा ट्रॅकपँट बरी. ओढणी कमरेला घट्ट बांधा, उजव्या पायाची मोहरी रबराने आवळा आणि हेल्मेट विसरू नका.

डब्यात दशमी-चटणी किंवा दोन दाण्याचे लाडू. दोन बाटल्या पाणी, त्यातल्या एकीत लिंबू-साखर-मीठ. बाहेर सोय नसते म्हणून पाणी न पिण्याची आपल्या बायकांची सवय इथे महागात पडते. शिरवळमधून निघतानाच सोय उरका, गावातल्या एखाद्या घरी विचारायलाही लाजू नका. खेड्यातली बाई दुसऱ्या बाईची ही अडचण चटकन ओळखते.

हमरस्त्यावर सायकल घालू नका. तिथली वाहनं भरधाव असतात. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत येतात, तेव्हा सरळ खाली उतरून बाजूला उभ्या राहा. एकटीने जाऊ नका. चौघीजणी मिळून जा आणि सर्वांत सावकाश जाणारीला पुढे ठेवा. आणि हो, वाऱ्याचा भरवसा नाही. जाताना तो पाठीशी असेल तर येताना तोंडावर घ्यावा लागेल. म्हणून अर्धी ताकद परतीसाठी राखा.

आणि घरचं काय?

खरी चढण घाटाची नाहीच, ती इथे आहे. ‘रविवारी सकाळी चार तास मी घरी नाही’ हे वाक्य उच्चारायलाच आपल्याला बळ लागतं. मुलांचं, सासूबाईंच्या चहाचं, दुधाचं कोण बघणार? तर घरातली बाकीची माणसं बघतील. आधी आठ दिवस सांगून ठेवा, पोहे कुठल्या डब्यात आहेत ते दाखवा आणि निघा. एक दिवस पोहे गिचका झाले म्हणून संसार मोडत नाही.

तमिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा जिल्हा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीच्या, अशा हजारो जणी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या. मधल्या दांडीवर मूल बसवता येतं, हा उलट त्यांना फायदाच वाटला! बाजाराला, पाण्याला जाताना आता कुणाची वाट पाहायची गरज उरली नाही. त्यांना सायकलने वेळ मिळवून दिला. आपल्याला तिने रविवारची एक सकाळ दिली तरी ती थोडकी नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. जिन्याखालची सायकल बाहेर काढा, हवा भरून आणा आणि संध्याकाळी गल्लीत दोन फेऱ्या मारून बघा. तोल लगेच सापडेल, तो जन्मभर विसरत नाही. पट्टकादंब फेब्रुवारी संपेपर्यंत आहेत. मैत्रिणींना आजच फोन करा!