बालशिक्षिकेची उमेदवारी : बोर्डी-कोसबादचा वारसा आणि नायगाव तालुक्यातील शक्यता

प्रस्तावना :

सुतार, लोहार, शिंपी यांच्या व्यवसायांत उमेदवारी ही शिक्षणाची जुनी व सर्वमान्य पद्धत आहे. उमेदवार जाणत्या कारागिराच्या हाताखाली राहतो. आधी पाहतो, मग हलकी कामे करतो आणि हात बसल्यावर स्वतंत्रपणे काम हाती घेतो. डॉक्टर आणि वकील यांच्याही घडणीत अशा अनुभवकाळाला स्थान आहे. तीन ते सहा वर्षे वयोगटातील बालकांना शिकविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र असा विचार क्वचितच होतो. 'मुले सांभाळणे कोणत्याही बाईला येतेच' हा समज त्यामागे आहे. वास्तविक, एकाच खोलीत निरनिराळ्या वयाची मुले बसलेली असताना एकीचे रडणे थांबविणे, दुसऱ्याच्या हाती मणी-दोरा देणे आणि उरलेल्यांना गोष्टीत गुंतवून ठेवणे हे कौशल्य व्याख्यानाने येत नाही. ते जाणत्या शिक्षिकेशेजारी बसूनच येते. बालशिक्षिकांसाठी उमेदवारीची व्यवस्था कशी उभारता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात नायगाव तालुक्याच्या संदर्भात केला आहे.

१. बोर्डी-कोसबादचा अनुभव :

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करताना बालशिक्षणाचे शास्त्र आत्मसात केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले.

अनुताई वाघ या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. शाळेतील अध्यापनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. परंतु लहान बालकांचे शिक्षण त्या ताराबाईंच्या मार्गदर्शनाखाली, प्रत्यक्ष बालवाडी चालवितानाच शिकल्या. पुढे त्यांनीच कार्यकर्त्यांच्या अनेक तुकड्या घडविल्या. गिजुभाईंकडून ताराबाई आणि ताराबाईंकडून अनुताई ही परंपरा म्हणजे बालशिक्षणातील उमेदवारीचे उत्तम उदाहरण होय.

या प्रयोगाची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. एक, बालवाडी आणि प्रशिक्षणवर्ग एकमेकांच्या निकट होते. त्यामुळे शिकलेली गोष्ट मुलांमध्ये लगेच करून पाहता येत असे. दुसरे, शिंपले, बिया, खडे, पाने असे परिसरातील साहित्य वापरल्याने महागड्या मॉन्टेसरी साधनांवाचून काम अडत नसे. जी बालके बालवाडीपर्यंत येत नसत, त्यांच्या अंगणातच बालवाडी नेण्यात आली. 'अंगणवाडी' ही संकल्पना या प्रयोगातून रुजली आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हेच नाव देशभर नेले.

२. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाची मर्यादा :

अंगणवाडीचे नाव देशभर गेले, पण शेजारी बसून शिकण्याची पद्धत मागे राहिली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवांचा भार एका सेविकेवर आला. सेविकेसाठी २६ कामकाजी दिवसांचे कार्यप्रशिक्षण रूढ झाले; २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण भी पढाई भी' या उपक्रमात तीन दिवसांचे प्रशिक्षण ठरविण्यात आले. अशी प्रशिक्षणे आवश्यकच आहेत. परंतु प्रशिक्षण संपवून सेविका गावी परतते, तेव्हा तिचे काम पाहून 'हे असे करून पाहा' असे सांगणारे सहसा कोणी नसते. उमेदवारीची गरज नेमकी याच टप्प्यावर आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली आहे. हे शिक्षण दूरस्थ माध्यमांतून द्यावे, मात्र महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग असावा, असेही त्यात म्हटले आहे. सेविकेला काम न सोडता शिकता यावे, ही त्यामागील दृष्टी योग्य आहे. तथापि पडद्यावरून माहिती मिळते; हात धरून शिकविणारी व्यक्ती मात्र जवळच असावी लागते.

३. मदतनीस : नाव नसलेली उमेदवार :

अंगणवाडीत सेविकेबरोबर मदतनीस असते. केंद्र शासनाच्या धोरणानुसार सेविकांची ५० टक्के पदे पाच वर्षांचा अनुभव असलेल्या मदतनिसांच्या पदोन्नतीने भरावयाची आहेत. याचा अर्थ, उद्याच्या अनेक सेविका आज मदतनीस म्हणून काम करीत आहेत. ही पाच वर्षे वस्तुतः उमेदवारीचीच आहेत. परंतु ती झाडलोट, पाणी, आहारवाटप आणि मुलांची ने-आण यांतच सरली, तर पदोन्नतीच्या दिवशी तिच्या हाती सेवाकाळ असतो, शिकविण्याचा अनुभव नसतो. म्हणून नवी योजना शून्यातून उभारण्याऐवजी या पाच वर्षांपैकी एक वर्ष रीतसर शिक्षणाचे करणे अधिक व्यवहार्य ठरेल.

४. नायगाव तालुक्यासाठी आराखडा :

नायगावहून जवळच असलेले बिलोली व देगलूर हे तालुके तेलंगणाच्या सीमेला लागून आहेत. या भागात घरी तेलुगू बोलणारी आणि तांड्यांवर गोरमाटी बोलणारी बालके आढळतात. अंगणवाडीत गप्प बसणारे मूल मंद नसून त्याला आपली भाषा ऐकू येत नाही, हे नवख्या शिक्षिकेला पुस्तकापेक्षा अनुभवी सेविका लवकर दाखवून देते. अशा ठिकाणी पुढील आराखडा उपयुक्त ठरू शकेल.

(अ) प्रत्येक बीटमधील एक-दोन अनुभवी सेविकांची 'मार्गदर्शक सेविका' म्हणून निवड व्हावी. एका मार्गदर्शक सेविकेकडे दोनपेक्षा अधिक उमेदवार नसाव्यात आणि या कामाचा स्वतंत्र मोबदला तिला मिळावा.

(आ) वर्षाचे चार टप्पे करावेत. पहिल्या तीन महिन्यांत उमेदवाराने निरीक्षण करून तीन बालकांची नोंदवही ठेवावी. दुसऱ्या टप्प्यात रोज एक गोष्ट, बडबडगीत वा खेळ स्वतः घ्यावा. तिसऱ्या टप्प्यात पूर्ण दिवसाचे नियोजन करावे. चौथ्या टप्प्यात वर्ग स्वतंत्रपणे चालवावा, गृहभेटी द्याव्यात आणि पालकसभा घ्यावी. मार्गदर्शक सेविकेने फक्त पाहावे.

(इ) आठवड्यातून एक तास दोघींनी समोरासमोर बसून 'काय जमले, काय जमले नाही' याची चर्चा करावी. हा तास कामाचाच भाग मानावा.

(ई) महिन्याचा संपर्कवर्ग स्थानिक महाविद्यालयात घ्यावा. मराठी विभागाने लोकगीते व कथांचे संकलन, गृहविज्ञान वा शिक्षणशास्त्राच्या अध्यापकांनी बालविकासाचा भाग सांभाळावा.

(उ) मूल्यमापन केवळ लेखी परीक्षेने न करता वर्षातील तीन प्रत्यक्ष पाठ, नोंदवही आणि स्वतः बनविलेले साहित्य यांवरून पर्यवेक्षिकेने करावे.

५. दक्षता :

उमेदवारीच्या नावाखाली स्वस्त मजुरी मिळविण्याचा मोह जुना आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला कामगाराचे सर्व हक्क येत नाहीत. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना मिळते तेही वेतन नसून मानधनच आहे. उपदानाचा (ग्रॅच्युइटी) हक्क मान्य होण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील निकालापर्यंत वाट पाहावी लागली. म्हणून सेविकेचे वा मदतनिसाचे पद रिक्त असलेली अंगणवाडी उमेदवारीसाठी निवडू नये, उमेदवाराकडे आहाराचे व नोंदींचे काम ढकलू नये आणि मदतनीस शिकत असताना तिच्या मानधनात कपात होऊ नये. बाहेरून येणाऱ्या बारावी उत्तीर्ण मुलींना विद्यावेतन द्यावे. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने विद्यावेतनासह कार्यप्रशिक्षण हे तत्त्व मान्य केलेलेच आहे. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातही २०१२ पासून बालशिक्षकांना शाळा व बालवाडी यांत आलटून-पालटून, वेतनासह शिकण्याचा मार्ग खुला आहे.

समारोप :

बोर्डी-कोसबादच्या प्रयोगाने गरीब मुलांसाठी स्वस्त साधने वापरली. शिक्षिकेच्या घडणीत मात्र काटकसर केली नाही. नायगावसारख्या तालुक्यात इमारत, आहार व नोंदी यांची व्यवस्था उभी आहे; उणीव आहे ती जाणत्या सेविकेच्या अनुभवाला शिक्षणाचा दर्जा देण्याची. अनुभवी सेविका निवृत्त होते, तेव्हा तिने अनेक वर्षांत मिळविलेले ज्ञान तिच्यासोबतच जाते. ते पुढील पिढीच्या हाती सोपविण्यासाठी एक वर्षाची नियोजित उमेदवारी हा कमी खर्चाचा आणि खात्रीचा मार्ग आहे, असे म्हणता येईल.