एफसीआरए एकाचं, पैसा सगळ्यांचा?

‘एफसीआरए आमच्याकडे आहे. पैसे आमच्या खात्यात घेऊ, तुमचा हिस्सा तुम्हाला पुढे पाठवू.’ परदेशी निधीच्या संयुक्त प्रकल्पासाठी संस्था एकत्र बसल्या की हे आजही हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. पण सप्टेंबर २०२० पासून हे बेकायदेशीर आहे, आणि इतक्या वर्षांनीही ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचा त्रास होतो.

पूर्वी असं चालायचं हे खरं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा २०१० चा कायदा. त्यातलं कलम ७ एका नोंदणीकृत संस्थेला दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे रक्कम वळवू द्यायचं. पुण्या-मुंबईची मोठी संस्था निधी आणायची आणि मेळघाटातली किंवा नंदुरबारची छोटी संस्था गावात काम करायची, अशा कित्येक जोड्या त्यावर उभ्या होत्या. २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. आलेला परदेशी निधी दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीला किंवा संस्थेला हस्तांतरित करता येत नाही. ‘पण दोघांचीही नोंदणी आहे ना?’ असली तरी नाही. शंका असेल त्यांनी नोएल हार्पर खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल वाचावा. दुरुस्तीला आव्हान दिलं गेलं होतं. कलम ७ टिकलं.

मग पळवाट शोधली जाते. बजेटमध्ये ‘भागीदार संस्थांना निधी’ खोडून तिथे ‘सल्ला शुल्क’ लिहितात. पण कागद काय सांगतात? रक्कम तिमाही हप्त्यांनी जाते, पुढचा हप्ता विनियोग प्रमाणपत्र आल्यावर सुटतो, लाभार्थी छोटी संस्था निवडते आणि माणसंही तिचीच. याला अनुदानच म्हणतात. खरी खरेदी किंवा खरी सेवा असेल तर दरपत्रक, कामाची व्याप्ती आणि त्या कामाचं बिल असतं. कायदा मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी रद्द झाली, तर पुढची तीन वर्षं नव्याने मागता येत नाही.

म्हणून भागीदार निवडताना त्याच्या नावाआधी त्याचे कागद बघा. नोंदणी प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. ती प्रकल्पाच्या अधेमधे संपते का, ते तारखेवरून लगेच कळतं. भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं आणि मागच्या वर्षांची एफसी-४ विवरणपत्रं मागा. मागायला संकोच वाटतो, पण ज्यांचे हिशेब नीट असतात ते लगेच पाठवतात. आणि देणगीदाराने प्रत्येक भागीदाराशी स्वतंत्र करार करावा, हे पहिल्याच बैठकीत सांगा. एका करारात सगळं बसवणं त्याला सोयीचं असतं, म्हणून तो आपणहून हे सुचवणार नाही.

आणखी काही समज. ‘परदेशातल्या नातेवाइकाची देणगी म्हणजे परदेशी निधी’: तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर नाही; परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही होय. ‘संयुक्त राष्ट्रांचा पैसाही एफसीआरएत येतो’: संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक आणि नाणेनिधी यांना कायदा परदेशी स्रोत मानत नाही. ‘प्रशासकीय खर्चाची २० टक्के मर्यादा सगळ्या पगारांना लागू आहे’: प्रत्यक्ष कामावरचे डॉक्टर, शिक्षक, प्रशिक्षक यांचे पगार तीत धरत नाहीत.

राहिली नोंदणी नसलेली छोटी संस्था. हस्तांतरणबंदीची झळ तिलाच सर्वांत जास्त बसली, आणि मला ती अन्यायकारक वाटते. नोंदणीसाठी किमान तीन वर्षांचं अस्तित्व आणि मागच्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च लागतो. आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या कितीतरी गटांना तो आकडा गाठता येत नाही. तिला पूर्वपरवानगी मागता येते, पण ती ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेचीच मिळते आणि वेळ खाते. तोवर मुख्य संस्थेने गावातली माणसं स्वतःच्या पगारपत्रकावर घ्यावीत, शिबिरांचा खर्च थेट स्वतः करावा. छोट्या संस्थेच्या वाट्याला पैसा येणार नाही, हे तिला प्रस्तावावर नाव घालण्याआधी सांगावं. निधी मंजूर झाल्यावर नाही.