भित्तिचित्रांतून उतरलेला नाच

चीनमध्ये ज्याला 'अभिजात नृत्य' म्हणतात, ते वयाने आपल्या प्रजासत्ताकाहूनही थोडे लहान आहे. जुन्या दरबारी नृत्याची सलग गुरुपरंपरा तिथे उरली नव्हती. लांब बाह्यांचे खेळ, नजर, पावले असे जे काही टिकले होते, ते संगीत नाटकांतल्या नटांच्या अंगात. 1954 साली बीजिंगमध्ये नृत्यशाळा निघाली. तिच्या पहिल्या प्राचार्य दाई आयलियन त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या आणि लंडनमध्ये बॅले शिकलेल्या. सीमाभागातल्या लोकांचे नाच गोळा करून त्यांनी 1946 मध्येच ते चोंगचिंगच्या रंगमंचावर आणले होते. कोरियन नर्तकी चोई सुंग-ही यांनी नटांच्या हालचाली वेचून त्यांना शिकवण्याजोगी शिस्त दिली. याच घडामोडींच्या काळात, 1952 मध्ये, पुण्याच्या कथक नर्तकी रोहिणी भाटे भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आल्या होत्या.

पुढे सांस्कृतिक क्रांतीने या सगळ्याला खीळ घातली. रंगमंचावर क्रांतीच्या बॅलेंचेच राज्य राहिले.

खरा कलाटणीचा क्षण 1979 चा. गान्सू प्रांतातल्या कलावंतांनी 'रेशीममार्गावरील पुष्पवर्षा' हे नृत्यनाट्य उभे केले, ते दुनहुआंगच्या लेण्यांतली चित्रे बघून. नायिका एक पाय उचलून वीणेसारखे वाद्य पाठीमागे धरते आणि तसेच वाजवते. ही आकृती दुनहुआंगजवळच्या मोगाव येथील 112 क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर आहे. मान, कंबर आणि गुडघा तीन दिशांना वळलेले ते शरीर पाहिले की आपल्याला त्रिभंग आठवतोच, आणि ते योग्यही आहे. बौद्ध कलेबरोबर भारताकडूनच ही वळणे मध्य आशियामार्गे तिकडे गेली. पण भिंतीवर फक्त ठरलेली स्थिती असते. एका स्थितीतून दुसरीत जायचे कसे, श्वास कुठे घ्यायचा, वजन कुठल्या पायावर ठेवायचे, हे नर्तकांनाच शोधावे लागले. म्हणून मी याला जीर्णोद्धार म्हणणार नाही. ही सरळ नवनिर्मिती होती.

1980 च्या दशकात ली झंगयी आणि तांग मानछंग या नृत्यशिक्षकांनी याच दिशेने महत्त्वाचे काम केले. तोवरच्या तालमीत रशियन बॅलेचा ताठपणा भिनला होता. त्यांनी विद्यार्थ्यांना जमिनीवर मांडी घालून बसवले आणि श्वासापासून सुरुवात केली. श्वास घेतला की कणा खालून एकेक मणका करत वर चढतो, सोडला की तसाच उतरतो. हात हलतात ते या चढउताराच्या मागून. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध वाटतो, कारण इथे परंपरा वेशभूषेतून शरीरात शिरली.

दुसरी वाट ग्वांगदोंगमधून निघाली. तिथे 1987 मध्ये अमेरिकन शिक्षकांच्या मदतीने आधुनिक नृत्याचा वर्ग सुरू झाला आणि 1992 मध्ये देशातली पहिली आधुनिक नृत्यसंस्था उभी राहिली. शेन वेई आणि जिन शिंग हे नृत्यकलावंत तिथलेच. 2008 मध्ये स्वतःची संस्था काढणाऱ्या ताओ ये यांनी कथा, पात्रे, नावेसुद्धा गाळली. त्यांच्या रचनांना नुसते आकडे असतात. '4' मध्ये चेहरे झाकलेले चार नर्तक एकमेकांना स्पर्श न करता अखंड एकत्र फिरत राहतात. 2023 मध्ये व्हेनिसच्या नृत्य बिएनालेत त्यांच्या संस्थेला रौप्य सिंह मिळाला.

आणि 2021 मध्ये हान झेन आणि झोऊ लिया यांनी वांग शिमंग या अठरा वर्षांच्या सोंगकालीन चित्रकाराच्या निळ्या-हिरव्या डोंगरांच्या चित्रावर नृत्य रचले. त्यातल्या मागे झुकणाऱ्या कमरेच्या चित्रफिती मोबाइलवर फिरत राहिल्या. पण रचनेचा गाभा आहे तो रेशीम विणणाऱ्या, रंगाचे दगड शोधणाऱ्या, शाई घोटणाऱ्या कारागिरांच्या प्रवेशांत. एका चित्रामागची एवढी माणसे नाचातून दाखवणे मला थोर वाटते.

अलीकडे मात्र शेकडो नर्तक आणि झगमगते पडदे यांचा सोस वाढला आहे. त्यात श्वास ऐकू येत नाही. पुण्या-मुंबईच्या नृत्यमहोत्सवांनी चीनमधून कोणाला बोलवायचे ठरवले, तर भव्य पथकांआधी ताओ येंसारख्यांच्या छोट्या संस्थांना बोलवावे. अजिंठा ज्यांच्या घरचा आहे, त्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यातून अधिक शिकायला मिळेल.