शेवटच्या पानावरची मोठी बोली

डहाणू रोडहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत चार गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते पिसणारी मंडळी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. मेंढीकोट, रमी, बदाम सात हे खेळ आगरच्या घरांनाही नवे नाहीत. आणि दिवाळीच्या रात्री तीन पत्तीचा डाव कोठे बसतो, हेही सर्वांस ठाऊक असते. तेव्हा पत्त्यांचा विषय व्याख्यानास आणला म्हणून कोणी नाक मुरडू नये, अशी आमची विनंती आहे. जुगाराची शिफारस करण्याचा आमचा हेतू नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा, या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पत्त्यांत सापडते, म्हणून आम्ही त्याच्याकडे वळलो आहो.

ते उदाहरण पोकर या खेळातले आहे. त्याचा आज सर्वत्र चालणारा प्रकार समजण्यास सोपा आहे. प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात. मध्ये पाच पाने उघडी मांडली जातात. आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. आपली दोन व मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, तो डाव जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावता येतात. पाचव्या पानास खेळाडू ‘रिव्हर’ म्हणतात. ते उघडल्यावर नवे काही यावयाचे उरत नाही. समोरचा मोठी रक्कम लावतो आणि आपणांपुढे दोन वाटा राहतात: तेवढीच रक्कम घालून त्याची पाने उघडावयास लावणे, म्हणजे ‘कॉल’ करणे, किंवा तीन पत्तीत ‘पॅक’ म्हणतो तसे पाने टाकून देणे.

समजा, डावात १००० रुपये जमले आहेत आणि समोरच्याने आणखी १००० लावले. सामान्य मनुष्य स्वतःस विचारतो, “माझी पाने चांगली आहेत काय?” किंवा, “हा थाप मारतो आहे काय?” हे दोन्ही प्रश्न अपुरे आहेत. खरा प्रश्न भावाचा आहे. आपण १००० घातले तर मिळण्यासारखे आहेत २०००. तीन वेळा असा प्रसंग आला, दोनदा हरलो व एकदा जिंकलो, तर जमाखर्च बरोबरीत सुटतो. म्हणजे तिनात एकदा तरी समोरचा थाप मारीत असला पाहिजे. तो बहुधा खराच आहे असे वाटत असूनही कॉल करणे योग्य ठरू शकते, हे येथे ध्यानात येईल. त्याने ५०० च लावले असते, तर चारांत एकदा जिंकणे पुरे होते. २००० लावले असते, तर पाचांत दोनदा जिंकावे लागले असते. बोली मोठी तितका पुरावा भक्कम हवा, एवढाच याचा अर्थ.

आता हा पुरावा आणावयाचा कोठून? घरच्या डावात आपण समोरच्याचा चेहरा न्याहाळतो. फोनवरच्या खेळात चेहरा नसतो. फार तर त्याने विचार करण्यास किती वेळ घेतला, एवढे दिसते. पण चेहरा हा फारसा मोठा पुरावा कधीच नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ नावाचा संगणकीय खेळाडू चार निष्णात व्यावसायिकांशी वीस दिवस खेळला. १,२०,००० डाव झाले आणि लिब्राटस स्पष्टपणे जिंकला. त्यास कोणाचा चेहरा दिसत नव्हता. त्याचे सर्व बळ हिशेबात होते.

तो हिशेब लहान प्रमाणावर आपणही करून पाहू. मधली पाने अशी आहेत: बदाम राजा, बदाम नव्वी, चौकट चव्वी, इस्पिक दुर्री आणि शेवटी आलेली किलवर सत्ती. आपल्या हातात इस्पिक राजा व चौकट गुलाम आहेत; म्हणजे आपणांजवळ राजांची जोडी झाली. समोरच्याने आतापर्यंत ज्या रीतीने पैसे लावले, त्यावरून त्याच्याजवळ काय असू शकेल? तो खरा असेल, तर मधल्या एखाद्या पानाशी जुळणारी जोडी हातात ठेवून त्याने तीन सारखी पाने जमवली असतील. नव्वी, चव्वी, दुर्री व सत्ती यांची प्रत्येकी तीन पाने उरली आहेत, म्हणून प्रत्येकीच्या जोड्या तीन; अशा बारा. राजे दोनच उरले, त्यांची जोडी एक. राजा व नव्वी असा हात सहा प्रकारे होतो. एकूण एकोणीस. खोटा असेल, तर त्याने बदामाची पाच पाने जमविण्याच्या आशेने येथवर वाट पाहिली असेल आणि ती आशा फसली असेल. अशा वेळी तो बदाम एक्का व बदामाचेच दुसरे एखादे पान घेऊन बसला आहे, असे धरू. हे दुसरे पान दहा प्रकारचे असू शकते. म्हणून एकोणतीस शक्यतांपैकी दहांत तो थाप मारीत आहे. शेकडा चौतीसहून किंचित अधिक. आपणांस हवे होते शेकडा तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. कॉल करावा, पण अगदी निसटता.

येथे एक गोष्ट मुद्दाम पाहण्याजोगी आहे. आपल्या हातात चौकट गुलामाऐवजी बदाम एक्काच असता तर? राजांची जोडी तीच, आणि जोडीला गुलामापेक्षा मोठे पान. कोणीही म्हणेल, आता तर कॉल केलाच पाहिजे. पण बदाम एक्का आपणांपाशी असल्यावर तो समोरच्याकडे असू शकत नाही. थापेचे दहाही हात नाहीसे झाले. खरे एकोणीस मात्र जसेच्या तसे उरले. म्हणजे हात सुधारला आणि निर्णय उलटला! आपल्याजवळचे पान हे आपले बळ तर आहेच. शिवाय ते समोरच्याविषयीची साक्षही आहे. ही दुसरी बाजू न पाहणारा मनुष्य चांगल्या पानांनीच अधिक बुडतो.

थापेचे असे गणित बांधता येते, हे पंडितांनी फार उशिरा ओळखले. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये खेळांविषयीचा आपला मूलभूत सिद्धान्त प्रसिद्ध केला आणि १९४४ मध्ये ओस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन केले. थाप हा केवळ लबाडीचा भाग नसून खेळाचा आवश्यक घटक आहे, असे त्यांनी दाखविले. जो कधीच थाप मारीत नाही, त्याच्या मोठ्या बोलीस कोणी उत्तर देत नाही, आणि चांगली पाने येऊनही त्यास काही मिळत नाही.

परंतु मोजणीचा हा विचार आपल्याकडे अगदीच अपरिचित होता, असे नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यान आठवावे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. विदर्भाकडे जाताना वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने व फळे किती, ते सांगतो. नल रथातून उतरून मोजतो, तो आकडा बरोबर! मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्यास अक्षविद्या देतो. झाडावरचा माल पाहून वाडीचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या भागातील लोकांस या कथेचे मर्म समजावून सांगावयास नको. फाश्यांची विद्या आणि मोजण्याची विद्या एकच आहे, असे त्या कथाकारास दिसले होते.

आता हिशेबातील एक रकमेची बाजू आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. फोनवरचा खेळ चालविणारा मालक फुकट चालवीत नाही. प्रत्येक डावातून तो आपला वाटा कापून घेतो. तो शेकडा पाच धरू. कॉल केल्यावर डावात ३००० रुपये होतात. त्यांतून १५० गेले. जिंकल्यास आता २००० नव्हे, १८५० मिळणार. एकोणतीस प्रसंगांचा जमाखर्च मांडा. मालकाचा वाटा नसता, तर दहा वेळा २००० मिळून २०,००० आले असते आणि एकोणीस वेळा १००० जाऊन १९,००० गेले असते, शिल्लक १०००. वाटा कापल्यावर आले १८,५००, गेले १९,०००, तोटा ५००. निसटता बरोबर असलेला निर्णय चुकीचा ठरला. आपण समोरच्या खेळाडूवर डोळा ठेवून बसलो होतो. निकाल फिरविला तो तिसऱ्याने, आणि त्याच्या हाती तर एकही पान नव्हते.

दुसरीही एक अट या गणितात दडलेली आहे. “तिनात एकदा” हे म्हणणे ज्यास तीनदा, तीसदा, तीनशेदा खेळण्याची ऐपत आहे त्याच्यापुरतेच खरे. महिन्याच्या किराण्याचे १००० रुपये घेऊन बसलेल्याचा प्रसंग एकच असतो. कॉल अगदी योग्य असला, तरी तिनांत दोन वेळा तो हरणार. आणि हरल्यावर सरासरी भरून येण्याची वाट पाहण्यास त्याच्यापाशी काही उरणार नाही. मग तो उसने आणतो, आणि गेलेले पैसे परत मिळविण्यासाठी पुढची बोली स्वीकारतो. डावात एकदा पडलेला पैसा आपला राहिलेला नसतो, हे तो विसरतो.

कायद्याने या खेळाकडे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या दृष्टीने पाहिले आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. रमीत कौशल्याचा भाग मुख्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. तलासरीपलीकडे ज्याची हद्द सुरू होते, त्या गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगार ठरविला. पुढे पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांना, कौशल्य की नशीब हा भेद न करता, मनाई करणारा कायदा संसदेने केला. त्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि देशातील प्रमुख कंपन्यांनी पैशांचे डाव लगोलग बंद केले. आम्ही केलेला हिशेब पाहिल्यावर कौशल्य आणि जुगार हे एकाच डावात कसे नांदतात, आणि न्यायालयांचे मत का विभागले, हे कळण्यास अडचण पडू नये. मोजणे हे कौशल्य खरे; पण एकोणतीसांपैकी कोणता हात समोर आहे, हे मोजून कळत नाही.

मग या विद्येचा उपयोग काय? आमच्या मते तो पत्त्यांबाहेरच अधिक आहे. वाडीचा सौदा असो, होडी दर्यात लोटण्याचा विचार असो, की मुलाच्या शिक्षणासाठी काढावयाचे कर्ज असो. किती लावतो, किती मिळण्यासारखे आहे, आपल्याजवळची माहिती कशाची साक्ष देते, मध्ये कोणाचा वाटा जातो आणि हरलो तर पुन्हा उभे राहता येईल काय, हे पाच प्रश्न सगळीकडे तेच आहेत. यांची उत्तरे नीट देऊन घेतलेला निर्णय पुढे फसला, तरी त्यास मूर्खपणा म्हणू नये. आणि ती न देता घेतलेला निर्णय साधला, तरी त्याचे कौतुक करू नये. आपल्या घरांत नेमके याच्या उलट होते. ज्याचे फळ आले तो शहाणा व ज्याचे गेले तो वेडा, असा निवाडा आपण जेवणाच्या पानावर बसून देतो. तेवढी सवय जरी आपण सोडली, तरी पत्त्यांनी आपणांस पुष्कळ शिकविले, असे म्हणता येईल.