सूर हलू दे, स्टेशन नको

कॉर्डलेस माइकची खरी परीक्षा मांडवात होते. ऊन असताना ट्यून केलेला रिसीव्हर रात्री हवा गार झाली की खरखरू लागतो, कारण माइकमधला ट्रान्समीटर जागेवरून सरकलेला असतो. साध्या, एका ट्रान्झिस्टरच्या सर्किटात फ्रिक्वेन्सी ठरवतात कॉइल आणि कपॅसिटर. ऊन, दमटपणा, हाताचा स्पर्श, या दोघांना सगळं बाधतं. ९८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर दर अंशाला दहा लाखात १०० भागांनी सरकला, तर एका अंशात ९.८ किलोहर्ट्झ गेले. दहा अंशांत तो शेजारच्या चॅनलच्या अर्ध्या वाटेवर पोचतो.

क्वार्ट्झ क्रिस्टल असा सरकत नाही. पण एफएममध्ये आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलवावी लागते, आणि क्रिस्टल तेवढाही वाकत नाही. मग कॉइलला झुलू द्यायचं आणि क्रिस्टलला फक्त पहाऱ्यावर बसवायचं, असं मी अलिबाग तालुक्यातल्या नागावच्या घरातल्या टेबलावर ठरवलं. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही. म्हणून सर्किट पत्र्याच्या डब्यात, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर, आणि रिसीव्हरला सिग्नल अटेन्युएटरमधून वायरने.

एक मिलिमीटर एनॅमल तारेचे पाच वेढे, ही कॉइल. ती मेणात बुडवून घट्ट केली, नाहीतर टेबलाला धक्का लागला तरी स्पीकरमध्ये टण्ण ऐकू येतं. तिच्याजवळ दोन व्हरॅक्टर डायोड. यांच्यावरचा व्होल्टेज वाढला की कपॅसिटन्स घटतो आणि फ्रिक्वेन्सी चढते. एकाला आवाज जोडला, दुसऱ्याला दुरुस्ती.

ऑसिलेटर बसवला ९८.३०४ मेगाहर्ट्झवर. ६४ने भागलं की बरोबर १.५३६ मेगाहर्ट्झ येतात. क्रिस्टलने आखलेल्या एक दशांश सेकंदात हे ठोके मोजायचे. १,५३,६०० भरले तर गप्प बसायचं, कमी पडले तर व्होल्टेज किंचित वर, जास्त झाले तर किंचित खाली. एका ठोक्याची चूक म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीत ६४० हर्ट्झ. ७५ किलोहर्ट्झच्या झोक्यापुढे ती कानाला कळत नाही. भटकणाऱ्या ऑसिलेटरला असं हळूहळू ढकलत जागेवर आणायची युक्ती नेदरलँड्सचे हौशी रेडिओवाले क्लास स्पारगारेन यांनी १९७०च्या दशकात मांडली होती.

फेज-लॉक लूप का नाही? ५० हर्ट्झचा खर्ज पूर्ण जोरात आला तर फेज दोन्ही बाजूंना जवळजवळ २३९ फेऱ्या हलते. फेज जुळवायची तर ती आधी हजारोंनी भागून आवाक्यात आणावी लागते. ठोके मोजणाऱ्याला फेजशी देणंघेणं नाही. दशांश सेकंदात त्या खर्जाची पाच पूर्ण आवर्तनं होतात. जेवढं वर तेवढंच खाली, आणि सरासरी जागेवर. मोजणीचा अवधी, म्हणजे गेट, शतांश सेकंदावर आणलं आणि दुरुस्तीचे धक्केही मोठे केले, तेव्हा या मोजणाऱ्या लूपला पखवाजाची थापच चूक वाटू लागली. त्याच्या खर्ज बाजूचा, धाम्याचा, घुमार पोकळ झाला, मागे नुसती धडधड उरली. म्हणून दुरुस्ती १ मेगाओहम आणि १० मायक्रोफॅरॅडमधून, म्हणजे १० सेकंदांच्या कालांकाने जाते.

एवढ्या मोठ्या रेझिस्टरला समुद्रकाठी वेगळाच शत्रू भेटतो. खारट ओल बोर्डावर बसली की तिच्यातून करंट झिरपतो आणि साठवलेला व्होल्टेज उतरतो. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वर वार्निशचा हात द्यावाच लागतो. क्रिस्टल ठेवला रेग्युलेटरच्या उष्णतेपासून लांब, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला. मोजमापाचा आधार गडबडीपासून दूर ठेवावा, हे अलिबाग तालुक्याला नवं नाही: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप तिचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला आलं, १९०४ साली.

झाकण काढून बोट कॉइलजवळ नेलं, की काउंटरचे शेवटचे आकडे भराभर उतरतात. बोट तिथंच ठेवायचं. मीटरवर दुरुस्तीचा व्होल्टेज चढू लागतो आणि आकडे एकेक करून परत येतात. बोट काढलं की सगळं उलट्या दिशेने. या अवधीत माइकवर बोलत राहिलं तरी रिसीव्हरमधल्या आवाजात फरक पडत नाही.

हळू दुरुस्तीची किंमत सुरुवातीला मोजावी लागते. स्विच दाबल्यावर आकडा बसायला वेळ जातो, आणि तोवर सिग्नल बाहेर सोडला तर तो दुसऱ्याच्या स्टेशनवर जाऊन बसेल. म्हणून ठोके सलग काही वेळा जुळल्याशिवाय शेवटच्या टप्प्याला वीजच मिळत नाही. मांडवात माइक असा उशिरा सुरू झाला तर यजमान कुरकुर करतील, पण एकदा कीर्तन रंगल्यावर रिसीव्हरशी खटपट करायला कुणाला उठावं लागणार नाही.